चौघींची चुकांची वही

११ फेब्रुवारी
दुपार

प्रिय लिफ्टवाली,

फिटिंग शॉपच्या मागच्या पायरीवर तळहात उघडे करून, कुणाच्या हाताला जास्त फोड आलेत ते आपण दोघी मोजत बसलो होतो, ती दुपार तुला आठवते का? पहिल्या वर्षाचा दुसरा महिना होता. तीन आठवडे एकाच लोखंडी ठोकळ्यावर कानस घासत होतो आपण. तुझे सात फोड, माझे पाच. तू म्हणालीस, "दोन माझ्यातले घे, मास्तरांना दाखवायला बरे पडतील." आपण इतक्या हसलो, की मास्तरच बाहेर आले. "काय गं पोरींनो, झाला का ठोकळा चौकोनी?" तू म्हणालीस, "सर, ठोकळा आहे तसाच आहे, आम्हीच चौकोनी झालोय."

विशेष काही घडलं नव्हतं त्या दुपारी. ऊन होतं, आणि तुझ्या रुमालात बांधलेले शेंगदाणे होते, एवढंच.

तू बरी असशील अशी आशा करते. तुझा पत्ता तुझ्या प्रशिक्षण शाळेतल्या कारकुनाकडून मिळवला. तू तिथे ड्रॉइंग शिकवायचीस, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, हेही त्यानेच सांगितलं. "बाई फार कडक होत्या, पण मुलांना त्यांच्याशिवाय करमायचं नाही," म्हणाला. मला ऐकून बरं वाटलं. हे पत्र आवडलं नाही तर बाजूला ठेव, पण पाकीट टाकून देऊ नकोस. आत एक वही आहे.

माझी खुशाली सांगण्यासारखी फारशी नाही. बिस्किट कारखान्यातून सुटून पाच वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, तरी चौथ्या मजल्यावर जिन्यानेच जाते. शेजारीण रोज ओरडते, "काकू, लिफ्ट काय शोभेला ठेवलीय का?" मी म्हणते, व्यायाम होतो. घरात मी एकटीच. आई जाऊन अकरा वर्षं झाली. अडतीस वर्षं भट्टीच्या आवाजात काढल्यावर ही शांतता कानाला सोसत नाही. फ्रिज किती मिनिटांनी सुरू होतो आणि किती मिनिटांनी थांबतो, ते मी घड्याळ लावून बघते. सोळा मिनिटं चालतो आणि बावीस मिनिटं थांबतो. कंप्रेसर म्हातारा झालाय, पण माझ्यासारखाच रेटतोय. कधी कधी दिवसभरात माझा स्वतःचा आवाज मला एकदाच ऐकू येतो. सकाळी, दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हणते तेव्हा.

आपल्या चौघींतली साहेबीण गेली, ते तुला माहीत आहे. मीच फोन केला होता. त्या फोनबद्दल पुढे लिहीन.

तिची मुलगी मागच्या महिन्यात माझ्याकडे आली होती. तिला तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती शाळेत होती, दोन वेण्यांची. आता तेहतीस वर्षांची आहे आणि पवनचक्क्या सांभाळते. हो, पवनचक्क्या! डोंगरमाथ्यावर बावीस चक्क्या तिच्या ताब्यात आहेत. एकेका खांबात ऐंशी मीटर शिडी चढून जाते आणि वर, पेटीएवढ्या खोलीत गुडघ्यावर बसून गिअरच्या तेलाचा वास घेते. "वास का गं?" म्हटलं. तर म्हणते, "मावशी, मीटर नंतर सांगतो, नाक आधी सांगतं." मला हसूच आलं. भट्टीतून येणाऱ्या वासावरून बिस्किट अर्धा मिनिट जास्त भाजलं गेलंय, हे मी ओळखायचे. साहेबीण हातोडीने ठोकून बॉयलरच्या पत्र्याचा आवाज ऐकायची. आणि तू तर लिफ्टमध्ये उभी राहून डोळे मिटायचीस, "तिसऱ्या मजल्याला रूळ घासतोय" म्हणायचीस. एकाच वर्गातून निघून चौघी चार दिशांना गेलो, पण शेवटी सगळ्यांचं काम नाका-कानाचंच.

मुलीने एक पत्र्याची पेटी आणली होती. पेटीत आपल्या वह्या. सातही.

तुला वाटेल, मी मुद्द्यावर यायला वेळ लावतेय. लावतेय खरी.

वही कशी सुरू झाली, ते तूच एकदा माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतंस. फिटिंग शॉपच्या मास्तरांकडे एक लाकडी खोकं होतं, बिघडलेल्या ठोकळ्यांचं. दर वर्षी नव्या मुलांपुढे ते खोकं उपडं करायचे. "चांगलं काम सगळेच दाखवतात. बिघडलेलं बघा, त्यात जास्त शिकायला आहे." नोकऱ्या लागून दोन वर्षं झाल्यावर आपण चौघी भेटलो, तेव्हा तू म्हणालीस, आपणही एक खोकं करू. पण ठोकळे पोस्टाने कसे पाठवायचे? म्हणून वही. एकीकडून दुसरीकडे. वर्षातून एकदा प्रत्येकीने आपली कामातली एक चूक लिहायची. नियम तीन. चूक खरी हवी. ती आपली हवी, दुसऱ्याची नको. आणि वहीतलं वहीत.

शाळेत माझ्या वर्गातल्या काही मुली शनिवारी चर्चमध्ये लाकडी जाळीशी जाऊन आपली पापं सांगून यायच्या आणि नंतर चवीने डबा खायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आमच्यासारख्यांसाठी तशी जाळी नव्हती. वही सुरू झाली तेव्हा मला वाटलं, ही माझी जाळी.

ती मुलगी आणि मी दुपारभर पहिल्या वह्या वाचत बसलो. काय हसलो म्हणून सांगू! पंपवालीचं आठवतं? पाणीपुरवठ्यात लागून तिला सहा महिने झाले होते, तेव्हाची जुनी चूक तिने पहिली लिहिली. मोठा व्हॉल्व्ह घाईने बंद केला, पाण्याला थांबायला जागा मिळेना, त्याचा असा धक्का बसला की दोन किलोमीटरवर पाइप फुटला आणि वरच्या साहेबांच्या अंगणात तळं झालं. "माझी चूक : व्हॉल्व्ह एका दमात बंद केला. धडा : पाणी आणि सासू, दोघींना हळूहळू थांबवावं." आणि तुझी पहिली? सहा मजली इमारतीत बटणांच्या तारा उलट्या जोडल्यास. दुसरा दाबला की पाचवा, पाचवा दाबला की दुसरा. "एक आजोबा तीन दिवस शेजाऱ्याच्या घराची बेल वाजवत होते आणि तक्रार मात्र शेजाऱ्याची करत होते." माझी म्हणजे, बिस्किटाला भोकं पाडणाऱ्या रोलरचे खिळे मी कमी केले. वाटलं, एवढ्या भोकांची गरज काय? वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, आणि पूर्ण दिवसाची बिस्किटं चेंडूसारखी फुगून आली. एकही पुड्यात बसेना. तेव्हापासून तुम्ही मला बिस्किटवाली म्हणायला लागलात.

साहेबिणीच्या चुका मात्र कधीच मजेच्या नसायच्या. सरकारी तपासणी खात्यातली ती एकटी बाई. बॉयलरच्या तोंडातून आत सरपटत जायची, बाहेर लोक बघत उभे. तिने लिहिलेलं : "आज एका पत्र्याची जाडी साडेअकरा मोजली, कागदावर बारा लिहिली. घरी जेवताना लक्षात आलं. उद्या जाऊन दुरुस्त करणार. कारखानदार म्हणेल, बाई, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय. काही होणार नाही. पण मी बारा लिहिलं." कुणाला कळलंही नसतं. तिने खोडून, शेजारी सही करून दुरुस्त केलं.

मुलीने ते पान वाचून वही मिटली. मग तिने विचारलं, "मावशी, आईने लिफ्ट मावशीचं नेमकं काय केलं होतं?"

मी चहा टाकायला उठले.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मी चौदा वर्षांची होते. फोन मी उचलला होता. लिफ्ट मावशी म्हणाली, 'तुझ्या आईला सांग, तिने मैत्रीण विकली.' मी आईला सांगितलं. आई फक्त 'बरं' म्हणाली. मग अंत्यविधीलाही मावशी आली नाही. आता आईला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतेय."

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, बाळा. साखर किती घालू?"

आता लिहिते. अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी घटवून घेतलेलं आहे, वाचता येईल.

त्या वर्षी वही तुझ्याकडून माझ्याकडे आली, चार एप्रिलला. तू लिहिलं होतंस, की कंपनीने निम्मी माणसं काढून नव्या कामांवर पाठवली आणि जुन्या लिफ्टांच्या देखभालीला माणूस उरला नाही. दोर तुटला किंवा लिफ्ट भलत्या वेगाने सुटली, तर दोन्ही बाजूंच्या रुळांना धरून तिला जागच्या जागी अडकवते ती पकड. तिची वर्षाची चाचणी अकरा लिफ्टांमध्ये न करताच तू कार्डावर सही केली होतीस. "माझी चूक : अकरा खोट्या सह्या. माणसं मिळाली की पुढच्या महिन्यात सगळ्या चाचण्या करणार." आणि खाली अकरा इमारती, ओळीने. तू अशीच होतीस. चूकसुद्धा यादी करून लिहायचीस.

सातवी इमारत माझ्या आईची होती.

पाचवा मजला. तेव्हा ती रोज दोनदा खाली-वर करायची, तिच्या औषधांसाठी, फुलांसाठी, कुणाशी तरी बोलण्यासाठी. मी त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले. लिफ्टमध्ये कार्ड लावलेलं होतं. त्यावर तुझी सही. तुझी सही किती सुंदर आहे, शेवटी तो बाक. मी ती सही बघत पाचव्या मजल्यापर्यंत गेले. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. खरं सांगते, विचारायलाच केला होता. म्हणणार होते, अगं, बाकीचं राहू दे, आईची तेवढी उद्या बघ. पण तू मला बोलूच दिलं नाहीस. "बिस्किटवाले! आत्ता, आत्ता पत्र हातात पडलंय. सगळ्या विभागाची प्रमुख! चौदा इंजिनिअर हाताखाली! पहिली बाई गं मी!" मी अभिनंदन केलं. तू म्हणालीस, "आणि तुझी बिस्किटं काय म्हणतायत? कुरकुरीत ना?"

तू चेष्टेने म्हणालीस. नेहमीसारखीच. मी एकोणीस वर्षं ते वाक्य तपासून पाहिलंय, त्यात कुठेही काटा नव्हता. काटा माझ्यात होता. त्या वर्षी माझ्या हाताखालच्या मुलाला माझ्या डोक्यावर बसवलं होतं, आणि कारण काय, तर "बाई, तुम्हाला आईचं बघावं लागतं ना." मी फोन ठेवला आणि आईच्या लिफ्टबद्दल बोललेच नाही.

मग तक्रार लिहिली. कारखान्यातल्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत. तपासणी खात्याच्या नावे, अकरा इमारतींची यादी, तुझ्याच क्रमाने. त्यात आईची काळजी किती होती आणि तुझ्या चौदा इंजिनिअरांचा राग किती होता, ते मला आजही वेगळं करता येत नाही. मैद्यात साखर मिसळल्यावर कुणी वेगळी करून दाखवावी, तसं आहे ते. खाली सही केली नाही. नऊ मेला ती खात्यात पोचली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे नेमकी साहेबिणीच्या टेबलावर गेली. तिला वहीतलं काहीच माहीत नव्हतं. वही तेव्हा माझ्याकडे होती, आणि तिच्याकडे ती पंपवालीनंतर, सगळ्यात शेवटी जायची. तिच्यापुढे फक्त एक बिनसहीचा कागद आणि तुझ्या कंपनीचं नाव. तिने नियमाप्रमाणे तपासणीची नोटीस काढली आणि तिच्यावर सही केली.

त्या सहीवरून तू तिला ओळखलंस.

नऊ पकडी ठीक निघाल्या, दोन गंजून बसलेल्या. त्या दोन इमारतींत पुढे कुणाला काही झालं नाही, ते त्या तपासणीमुळेच असेल. म्हणून तक्रार केली ह्याची मला लाज वाटत नाही. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आणि त्याच्या आड लपले. तू न तपासता सही केलीस. मी खरं लिहूनही सही केली नाही. ह्या दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, ते मला आपल्या मास्तरांना विचारायचं होतं. तेही गेले.

तुझी नोकरी गेल्यावर जूनमध्ये तू फोन केलास. तू रडत नव्हतीस, त्याचीच मला भीती वाटली. "साहेबिणीने गळा कापला माझा. वहीतलं वहीत म्हणे! माझ्यापासून तिच्यापर्यंत वही पोचली आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली असणार. तिच्याशिवाय कोण असणार? सांग ना तू, कोण असणार?"

मी म्हणाले, "मला काय माहीत गं."

फोन ज्या टेबलावर होता, त्याच्याच ड्रॉवरमध्ये वही होती. मी ती अजून पुढे पाठवलीही नव्हती.

त्या दिवशी एक वाक्य बोलले असते, तर माझी एक मैत्रीण गेली असती. न बोलल्यामुळे तुम्ही दोघी एकमेकींना मुकलात, आणि मला मात्र दोघीही उरल्या, असं मी धरून चालले. तू तर नंतर मलाही पत्र लिहिणं सोडलंस. साहेबीण तेवढी राहिली. वही तिघींत फिरत राहिली. मी दर वर्षी लिहीत राहिले. पट्टा सरकला, कागद चिकटला, मीठ दुप्पट पडलं; कारखाना सुटल्यावर जुन्याच आठवून. दर वर्षी वही पोचली की साहेबिणीचा फोन यायचा. "बिस्किटवाले, वाचलं. यंदाची चूक अगदीच छोटी गं. दुसरी काही नाही ना?" मी म्हणायचे, "बिस्किटांत याहून मोठी चूक कुठून आणू, साहेब?" ती हसायची. "बरं. असली तर लिही हो. पानं पुष्कळ आहेत."

अठरा वर्षं तिने हे विचारलं. मला ती थट्टा वाटायची.

ती आजारी पडली तेव्हा मी आठवड्याला दोनदा जात होते. दवाखान्यात ती तुझ्याबद्दल एकदाच बोलली. "लिफ्टवालीला बघायचं होतं. येईल का गं?" मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "मरणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलणार नाही. पण मी येणार नाही. तिने मला काय केलं ते तुला माहीत आहे." एवढ्या वर्षांत देवाने मला दुसऱ्यांदा वेळ दिली होती, आणि रिसीव्हर हातात धरून मी म्हणाले, "बरं." ती गेल्यावर पुन्हा फोन केला. तेव्हाही तू तेच म्हणालीस, आणि मीही.

आता त्या दुपारचं राहिलेलं सांगते. चहा झाल्यावर मुलीने सातवी वही उघडली. साहेबिणीचं शेवटचं पान, दवाखान्यातलं. अक्षर उतरणीला लागलेलं. "मावशी, हे मला कळलं नाही. हा कुठला कारखाना असेल?" तिने वाचून दाखवलं :

"माझी चूक : एका बाबतीत दोष दिसला असूनही मी सुधारणेला फार लांब मुदत दिली. वाटत होतं, मालक आपण होऊन दुरुस्त करील. मालक चांगला आहे. पण एवढी मुदत द्यायची नसते. ज्याचं नुकसान होत होतं, त्याला मी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "असेल एखादा बॉयलर."

ती गेल्यावर मी चौथी वही काढली. पहिल्या पानावर आपला पोच-तक्ता आहे ना, मिळाली कधी, पाठवली कधी? साहेबिणीनेच तो आखला होता, सरकारी सवयीने. त्या वर्षाच्या ओळी बघितल्या. तू पाठवली दोन एप्रिल. मला मिळाली चार एप्रिल, मी पाठवली अठ्ठावीस जून. पंपवालीकडून साहेबिणीला मिळाली बावीस सप्टेंबरला. आणि माझ्या ओळीच्या समासात बारीक पेन्सिलने, तिच्या अक्षरात : "९ मे." बाकी काही नाही. उद्गारचिन्हसुद्धा नाही.

म्हणजे तक्रार पोचली त्या दिवशी वही माझ्याकडेच होती, हे तिला त्याच सप्टेंबरात कळलं होतं. तिच्या हातात हा तक्ता होता. एक फोटो काढून तुला पाठवला असता, तरी तिच्यावरचा डाग पुसला गेला असता. तिने पाठवला नाही. आधी माझी वाट बघितली. नंतर, मला वाटतं, तुझीही बघितली, की तू एवढी काटेकोर बाई, कधीतरी तुझ्याच लक्षात येईल, वही कुठल्या क्रमाने फिरते ते. आपल्या दोघींनाही तिने आपापली चूक आपण शोधावी म्हणून सोडून दिलं होतं. आपण दोघींनीही ती शोधली नाही. मला तर शोधायचीही नव्हती, ती माझ्याजवळच होती.

मुलगी परवा रविवारी पुन्हा येणार आहे. तिला सगळं सांगणार आहे. पण तुला आधी कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र आज टाकते. तू मला क्षमा करावीस असं मी मागत नाही. खरं सांगायचं तर, मागायला तोंड नाही. माझी एकच इच्छा आहे. साहेबीण जो डाग घेऊन गेली, तो तिच्या मुलीच्या मनातून तुझ्याच हातून पुसला जावा. मी सांगेन तेव्हा ती मला समजून घ्यायला बघेल, कारण मीच तिच्यापुढे रडत बसलेली असेन. तू सांगशील तेव्हा तिला तिची आई परत मिळेल. तिच्या कानात चौदाव्या वर्षी पडलेलं वाक्य तुझ्या आवाजातलं आहे.

आता कुणाला काय, ते लिहिते. चुकीचं वाटप नको, म्हणून नीट लिहिते.

चौथी वही तुला, ह्या पाकिटातच आहे. पहिलं पान आधी बघ, मग तुझं. वाचून झाली की ती मुलीच्या हातात तू स्वतः द्यावीस. सोमवार ते शुक्रवार ती डोंगरावर असते, पत्ता आणि फोन मागे लिहिलाय. फोन वाजला तर उचलायला वेळ लावते, शिडीवर असते. पुन्हा कर. जाणं अगदी जमत नसेल तर पोस्टाने पाठव, पण दोन ओळी लिहून.

पहिल्या तीन वह्या पंपवालीला. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, तिची सून तिला मोठ्याने वाचून दाखवते. सासूवरचा तो धडा सुनेला वाचायला लागेल, तर लागू दे.

पाचवी, सहावी आणि सातवी मुलीकडे, रविवारी मीच देईन. शेवटच्या पानातला तो कारखाना कुठला, तेही.

ह्या पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. एक मुलीला, एक पंपवालीला. दोन्हींवर पूर्ण नावाने सही केली आहे. तुझ्या जुन्या कंपनीलाही एक पत्र पाठवलंय, की त्या तक्रारीची माहिती तपासणी खात्यातल्या कुणाकडून नव्हे, माझ्याकडून बाहेर गेली होती. तिथे आता कुणी ओळखीचं नसेल. ते फायलीला लागेल, एवढंच. पण फायलीत असू दे.

मला काही ठेवायचं नाही. पेटी रिकामी झाली की भंगारवाल्याला देईन.

उत्तराची वाट न बघणारी, असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं आता पुरे झालं. वाट बघणारी,

बिस्किटवाली